गुलाबाची बरणी

साखराबाईनं ओटा पुसता पुसता फडकं थांबवलं आणि दोन बोटांच्या चिमटीत काहीतरी उचलून खिडकीच्या उजेडात धरलं. "अवो ताई, हे कन्हेराचं हाय की. हे कावून घेतलं सयपाकात?" वर्षाराणी मैदा चाळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, गुलाब आहे तो, बरणी भरताना सांडला असेल. आठ वर्षं या घरात भांडी घासणाऱ्या साखराबाईला असं उडवून लावलेलं आवडत नसे. ती जवळ आली. "गुलाब वाळला की कागदावानी हुतो. ह्याचं चामडं झालंय, बगा. आन् वास घ्या की जरा," म्हणत तिनं ती पाकळी वर्षाराणीच्या नाकाखालीच धरली. वर्षाराणीनं श्वास आत ओढला, डोळे किंचित मिटले, मान हलवली. गेली चार वर्षं ती हे असंच करत आली होती आणि आता ते इतकं सवयीचं झालं होतं, की करताना तिला काही वाटतही नसे. आत थंड हवा गेली. साखराबाईच्या ओल्या बोटाचा गारवा ओठाला लागला. बाकी काही नाही. "हो की," ती म्हणाली. "माजी शेळी मेलती हे खाऊन," साखराबाई पाकळी केराच्या डब्यात झटकत म्हणाली, "दोन डहाळ्या वरबाडल्या आन् सांजच्याला पाय झाडून गेली." मग ती मोरीत जाऊन भांडी आदळू लागली. वर्षाराणीच्या हातातली चाळणी थोडा वेळ तशीच हलत राहिली आणि मैदा परातीच्या बाहेर पडत राहिला.

तिनं गुलाबाची बरणी उतरवली आणि वर्तमानपत्रावर पालथी केली. गुलाबीसर, तपकिरीसर ढीग. डोळ्यांना सगळं एकच दिसत होतं. बोटांना मात्र हळूहळू कळू लागलं. काही पाकळ्या चुरचुरून मोडत होत्या आणि काही मोडतच नव्हत्या, वाकत होत्या. वाकणाऱ्या बाजूला काढता काढता तिच्या डाव्या हाताशी मूठभर झाल्या. हे कसं झालं ते तिला सावकाश, एकेक पायरी उतरल्यासारखं आठवत गेलं. शिवरात्रीला घरात पूजेची फुलं ढिगानं आली होती. परसातली दुहेरी पाकळ्यांची कण्हेर तर महारुद्रनं, तिच्या नवऱ्यानं, पहाटेच टोपलीभर तोडली होती. दुसऱ्या दिवशी तिनं निर्माल्य कुंड्यांच्या खतासाठी एका सुपात पसरलं आणि दुसऱ्या सुपात गुलाब, तीन पाण्यांतून धुतलेला. परळीत गच्चीवर काही वाळवायचं म्हणजे आधी धुवायचं आणि नंतर झाकायचं. औष्णिक केंद्राची राख फुलांवर पडते तशी अंथरुणावर, पापडावर, तुळशीवरही पडते. दोन्ही सुपांवर जुन्या साडीचे तुकडे होते. पाचव्या दिवशी ऊन कलताना वर जाऊन दोन्ही सुपं आपणच खाली आणली. दोन्ही एकाच बरणीत आपणच ओतली. तेव्हा मोबाइलवर लेकीचा, रुद्राणीचा फोन चालू होता आणि ती पोर पोटातलं बाळ कसं ढुशा मारतं ते सांगत होती. पूर्वी असतं तर फोनवर बोलता बोलताही हात थांबला असता. नाकानं थांबवलं असतं.

दुसऱ्या लाटेत, एप्रिलच्या शेवटी, वास गेला. एका सकाळी दात घासताना पेस्ट नुसती फेसासारखी लागली, बस. त्या दिवसांत मोंढ्यातली, धान्याच्या बाजारातली, ओळखीची दोन दुकानं कायमची बंद झाली होती, शेजारच्या अंगदभाऊंना तर त्यांच्या बायकोचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. अशात वास गेला म्हणून कुणाला सांगायचं? महारुद्रला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "जीव वाचला ना? मग वासाचं काय घेऊन बसलीस." तो वाईट बोलला नव्हता. तोही नुकताच उठला होता, भिंतीला धरून न्हाणीघरात जात होता. डॉक्टर म्हणाले तीन महिन्यांत येईल, मग सहा. रुद्राणी तेव्हा पुण्याला शिकत होती, हॉस्टेल बंद म्हणून मैत्रिणीच्या घरी अडकलेली. रोज रात्री फोन करायची आणि पहिला प्रश्न हाच, "आई, आला का वास?" रोज नाही म्हणायचं, रोज तिकडं गप्प होणारी लेक ऐकायची. एका रात्री कंटाळून वर्षाराणी म्हणाली, "आला गं. आज कांदा परतताना आला." तिकडं रुद्राणी रडायलाच लागली, हसत हसत रडली. त्यानंतर ते परत कसं घेणार? महारुद्रनंही वाण्याकडून पेढे आणले. पेढा गोड होता. दाणेदार होता. एवढंच कळलं, आणि तिनं छान आहे म्हणून सांगितलं.

मग तिनं एक वेगळीच शिस्त अंगी बाणवली. गॅसचं बटण तीनदा बघायचं. दूध उतू जाण्याआधी त्याच्यासमोरून हलायचं नाही. पीठ किती दिवसांचं, तूप कधीचं, हे चिठ्ठ्यांवर लिहून डब्यांना चिकटवायचं. बिस्किटांचं तर सगळं हातात होतंच: एवढा मैदा, एवढं लोणी, एवढी पिठीसाखर, चमचाभर दुधात भिजवलेल्या पाकळ्या. लहानपणी लातूरला दिवाळीच्या आधी घरचं तूप-रवा घेऊन भट्टीवर नानकटाई भाजायला जायचे, तेव्हा तिच्या आईनं पहिल्यांदा त्यात गुलाब घातला होता. भट्टीवाला पत्रा ओढून बाहेर काढायचा आणि रांगेतल्या बाया वळून बघायच्या. बाया वळल्या होत्या हे तिला अजून आठवतं. कशामुळं वळल्या ते आठवत नाही. म्हणजे गुलाबामुळं हे माहीत आहे, पण तो गुलाब आठवत नाही. नाक गेलं तरी आठवण राहील असं तिला सुरुवातीला वाटलं होतं. पण कुठल्याशा लग्नातल्या फोटोतल्या माणसासारखं झालं, नाव सांगता येतं, नातं सांगता येतं, चेहरा पुसून गेलेला. लेकीनं दोन वर्षांपूर्वी ओव्हन घेऊन दिला. मग गुलाबाची, जास्वंदाची, शेवंतीची, निळ्या गोकर्णाची बिस्किटं होऊ लागली. शेजारच्या बायका म्हणायच्या, तुमच्या हाताला काय वास आहे हो. ती हसायची. अलीकडं बायका तसं म्हणत नव्हत्या. नुसतं 'छान झाली' म्हणायच्या आणि डबा लगेच परत द्यायच्या, हेही तिला त्या वर्तमानपत्रासमोर बसल्यावर पहिल्यांदाच लक्षात आलं.

याच गुलाबाच्या बिस्किटांचा डबा मंगळवारी अंबाजोगाईला, लेकीच्या सासरी, गेला होता. जावई रविराज कामाला परळीत आला, तेव्हा त्याच्याच हाती दिला. आज गुरुवार. रुद्राणीचं लग्न सोपं झालं नव्हतं. महारुद्र गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय पाणी न पिणारा, आणि रविराजचं घर देशमुखीतलं, मटणाचं, वडील सुंदरराव एकेकाळी जिल्हा परिषदेवर निवडून गेलेले. पोरांनी ठरवलं आणि दोन्ही घरांनी मान खाली घालून ऐकलं. वर्षभर महारुद्र लेकीच्या दारात गेला तरी पाण्याच्या पेल्यापलीकडं काही घ्यायचा नाही. तेव्हा वर्षाराणीनंच बिस्किटांचा डबा पाठवला. सुंदररावांनी तो चारचौघांत उघडला, सगळ्यांना वाटला आणि फोन करून म्हणाले, "ईनबाई, असलं काई आमच्या घरात आजवर आलं न्हवतं." त्यानंतर दोन्ही घरांत जी काही ये-जा झाली ती त्या डब्यामागून. सुंदररावांना दोन वर्षांपूर्वी हृदयाचा त्रास झालेला, गोळ्या चालू. आणि रुद्राणीला सातवा महिना. पंधरा दिवसांनी बाळंतपणाला घेऊन यायचं, वरची खोली पांढरी करून ठेवली होती.

फोन लावायचा होता, तो तिनं लावला. पण लावताना तिच्या मनात पहिली गोष्ट आली ती विषाची नाही. आली ती ही, की रुद्राणी विचारेल, आई, तुला वास कसा नाही आला? त्या प्रश्नाला वळसा घालायला तिचं मन इतकं सराईत झालं होतं, की पलीकडून 'हां, आई' ऐकू येताच तोंडातून आपसूक निघालं, "अगं, ती बिस्किटं खाऊ नका. लोणी खवट होतं. आत्ता कळलं मला." रुद्राणी म्हणाली, "मला एक जरा कडसर लागलं, म्हणून ठेवून दिलं. पण मला आजकाल सगळंच कडू लागतं. मामांनी खाल्ली की सकाळी." सासऱ्यांना ती मामा म्हणायची आणि सासूला आत्या. तेवढ्यात केशरबाईंनी, तिच्या सासूनं, फोन घेतला. "कसलं खवट वो ईनबाई? मी आत्ताच डबा उघडून बगितला, लोण्याचा काय घमघमाट हाय. तुमी उगं मनाला लावून घेता. आमी काय परके हाव का?" "नाही, पण टाकूनच द्या," वर्षाराणी म्हणाली. "टाकायचं? आन्न टाकत असत्यात व्हय!" केशरबाई हसल्या. फोन बंद झाला.

ती चौदा मिनिटं होती. नंतर मोबाइलवर दोन फोनांच्या वेळा तिनं कितीदा तरी उघडून पाहिल्या, चौदाच. त्या वेळात ती स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून होती आणि मोरीत साखराबाई कढई खरवडत होती. एक मन सांगत होतं की आता सांगितलंय ना, खाणार नाहीत. दुसरं मन काहीच सांगत नव्हतं, ते शेळीकडं बघत होतं. शेळी तिनं कधी पाहिलेली नव्हती, तरी तिचे पाय दिसत होते. फुलात तेवढं नसेल. भाजल्यावर निघून गेलं असेल. एका बिस्किटात अशा कितीशा पाकळ्या? या सगळ्याच्या तळाशी मात्र ती स्पष्ट बघत होती की आपल्याला दुसरा फोन करायचा आहे आणि आपण तो करत नाही आहोत. चार वर्षं एक छोटीशी गोष्ट सांभाळली. कुणाचं काही बिघडवलं नाही, कुणाकडं काही मागितलं नाही. आता ती उघडी पडली की मागची सगळी चार वर्षं खोटी होतील. लेकीच्या लग्नातलं अत्तर, तिचा शालू हुंगून "नवा वास आहे" म्हणालेली, तेही. तिनं तळवे पदराला पुसले आणि फोन लावला. "रुद्राणी, नीट ऐक. त्यात कण्हेर आहे. चुकून पडली. कुणाला खाऊ देऊ नको, आणि मामांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या, डॉक्टरला कण्हेर म्हणून सांगा." मग रुद्राणीचा आवाज आला, बारीक, "आत्यांनी आत्ताच चहाबरोबर दिली त्यांना. तुझा फोन आला म्हणून मुद्दाम ताटलीत घालून. तीन खाल्ली." आणि मग तो प्रश्न आला. "आई, कण्हेर कशी काय? वास नाही का आला तुला?"

"नाही," वर्षाराणी म्हणाली. "मला येत नाही वास."

महारुद्र बाहेरगावी तुरीचा माल बघायला गेला होता, त्याला निरोप ठेवून ती एसटीत बसली. खिडकीची काच बंद होत नव्हती. औष्णिक केंद्राच्या चिमण्या मागं गेल्या. कुठल्याशा थांब्यावर कंडक्टर ओरडला, "कण्हेरवाडी, कण्हेरवाडी कोन हाय?" या रस्त्यानं ती शेकडो वेळा गेली असेल, गावाचं नाव कधी ऐकू आलं नव्हतं. एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन उतरली. घाट चढताना शेजारच्या माणसानं रुमाल नाकाला लावला, पुढच्या सीटवरच्या दोघांनीही लावला. बाहेर काहीतरी जळत असेल, किंवा मेलेलं असेल. ती एकटी उघड्या तोंडानं बसून राहिली. रुमाल लावावा असं वाटलं. हात पर्सकडं गेलाही. मग तिनं तो मांडीवर परत ठेवला. आता कुणासाठी लावायचा.

दवाखान्यात सुंदररावांना आत नेलं होतं. उलट्या झाल्या होत्या, नाडी चाळिसाच्या खाली उतरलेली. रुद्राणीला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. बाळाचे ठोके ऐकून झाले, ते ठीक होते, तरी रात्रभर बघू म्हणाले. रविराज जिन्यात उभा होता. तो सासूशी कधी चढ्या आवाजात बोललेला नव्हता, आताही बोलला नाही. "तुम्ही कण्हेर सांगितलं म्हणून बरं झालं," तो म्हणाला, "नाहीतर हार्टचंच समजून भलतंच चाललं असतं. त्यांच्या गोळीत आणि या विषात एकच प्रकार असतो म्हणे." मग थोड्या वेळानं, भिंतीकडं बघत, "पहिल्याच फोनला सांगितलं असतं तर…" आणि वाक्य सोडून तो औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन खाली गेला. संध्याकाळी एक हवालदार आला. विषाचा प्रकार म्हणून जबाब घ्यावा लागतो म्हणाला, माणूस सज्जन होता, तिला बाकावर बसायला सांगून स्वतः उभ्यानं लिहू लागला. लिहिलेलं त्यानं वाचून दाखवलं. "सदर महिलेस गेल्या चार वर्षांपासून कोणत्याही पदार्थाचा वास येत नाही. वास परत आल्याचे तिने घरातील सर्वांस खोटे सांगितले होते." वाचताना त्याचा आवाज कोरडा, एकसुरी होता, आणि तिला वाटलं, इतकं सोपं होतं हे. दोन ओळींचं. तिनं सही केली आणि पेन परत देताना पाहिलं, की महारुद्र बाकाच्या मागं उभा आहे. कधी आला कुणास ठाऊक. त्याच्या कपाळावरचं भस्म घामानं पुसट झालं होतं. त्यानं सगळं ऐकलं होतं.

सुंदरराव वाचले. चार दिवस आत काढले, छातीत तार घालून ठोके चालवले, पाचव्या दिवशी बाहेरच्या खोलीत आणलं. तिथं त्यांनी तिला बोलावून घेतलं. मोठा, रुंद हाडाचा माणूस पांढऱ्या चादरीखाली निम्मा झाल्यासारखा दिसत होता. ती पायाशी उभी राहिली. काय बोलायचं ते चार दिवस घोकलं होतं. तेच म्हणाले, "बसा, ईनबाई. रडू नगा." ती रडत नव्हती. "मला कडू लागलं व्हतं. पहिल्याच घासाला." ते थांबून श्वास घेत म्हणाले, "पन तुमचा फोन आल्याला, लोनी खवट हाय म्हून. म्हनलं, आता आपुन न्हाई खाल्लं तर तुमाला वाटंल खरंच खवट हाय. घरातल्यानीबी बगितलं असतं, मामा खात न्हाईत. म्हून तीन खाल्ली." त्यांनी हसायचा प्रयत्न केला. वर्षाराणी त्या हसण्याकडं बघत राहिली. रागावले असते तर तिला काहीतरी धरायला मिळालं असतं. "आदीच्या डब्यांचंबी तसंच," ते पुढं म्हणाले, आणि मग बहुतेक आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं, कारण ते एकदम पाणी मागू लागले. केशरबाईंनी पेला पुढं केला. "आदीच्या डब्यांचं काय?" वर्षाराणीनं विचारलं. केशरबाई पेल्याकडंच बघत होत्या.

बाहेर आल्यावर केशरबाईंनीच विषय काढला, आणि त्याही प्रेमानंच बोलल्या. "मी म्हनते, बाळातपन हितंच करू. उगं हलवायचं कशाला पोरीला. दवाखाना जवळ हाय." पहिलं बाळंतपण माहेरी, हे त्यांनीच लग्नाच्या बैठकीत बोलून दाखवलं होतं. वर्षाराणीनं लेकीकडं पाहिलं. रुद्राणी खुर्चीत बसून ओढणीच्या टोकाची गाठ सोडत होती. बराच वेळ सोडत होती. "डॉक्टरपण इथलेच बरे आहेत, आई," ती म्हणाली, "तू ये की मध्ये मध्ये." मग तिनं वर पाहिलं, आणि तिच्या डोळ्यांत राग नव्हता, कसलीतरी मोजदाद होती, मागच्या कितीतरी दिवसांची. "त्या दिवशी कांदा परतताना आला म्हणाली होतीस," ती म्हणाली. "तेपण खोटं?" वर्षाराणी हो म्हणाली. रुद्राणीनं मान हलवली. पूर्वी फोनवर गप्प व्हायची तशीच ती गप्प झाली.

महारुद्र आणि ती संध्याकाळच्या आत परळीला परतली. घरी आल्यावर त्यानं पाय धुतले, देवापुढं दिवा लावला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. वर्षाराणीनं बरण्या ओट्यावर मांडल्या होत्या. तुरीची डाळ मुठीत घेऊन, नाकाशी नेऊन, पोतं कुठल्या गावचं आणि कितव्या पावसाचं ते सांगणारा हा माणूस. सबंध मोंढ्यात त्याचं नाक प्रसिद्ध. ते नाक चार वर्षं एकाच घरात होतं आणि तिनं ते मागितलं नव्हतं. "हुंगून सांगा मला," ती म्हणाली. तो पुढं आला. शेवंतीचं झाकण काढलं, वाकला, आणि लगेच मागं सरला. "ओल्या पोत्याचा वास आहे. बुरशी धरलीय आतून." तिनं ती बरणी केराच्या बादलीत रिकामी केली. जास्वंद. "आंबूस." तीही रिकामी केली. वेलदोड्याच्या डबीत त्याला नुसतीच धूळ लागली. लोण्याच्या भांड्यापाशी तो थांबला. "हे कधीचं आहे?" चिठ्ठीवर तारीख होती, तिनं दाखवली, महिन्याभरापूर्वीची. "तारखेनं काय कळतं," तो म्हणाला, आणि मग खालच्या आवाजात, "दिवाळीच्या फराळाला पण हाच वास होता. मला वाटलं, तुला आवडतो. म्हणून बोललो नाही."

शेवटी गोकर्णाची बरणी उरली. निळी फुलं, वाळूनही निळीच. महारुद्रनं झाकण काढलं, नाक आत घातलं, थांबला. बरणी हलवून पुन्हा वास घेतला. त्याच्या कपाळाला आठी पडली. "याला काहीच वास नाही," तो म्हणाला. आवाजात एक भीती होती, जणू ते दुखणं आता त्यालाही लागलं होतं.

"त्याला नसतोच," वर्षाराणी म्हणाली. "ओल्या फुलालाही नसतो."

तिनं बरणीसाठी हात पुढं केला. महारुद्रनं ती दिली नाही. डोळे मिटून, दोन्ही हातांनी काच घट्ट धरून तो तसाच ओट्याशी वाकून उभा राहिला, हुंगत.